अर्थिंग वेगळं, सिग्नल ग्राउंड वेगळं

स्पीकरमधून एकसारखा घूंऽऽ असा आवाज यायला लागला की पहिला सल्ला मिळतो, "अर्थिंग नीट नाहीये." मागोमाग दुसरा येतो, "ॲम्पच्या प्लगची मोठी पिन काढून टाक, आवाज जाईल." आणि पुष्कळदा तो खरंच जातो, म्हणून तर हा सल्ला इतका पसरला. पण त्यात घराचं अर्थिंग आणि ऑडिओचं सिग्नल ग्राउंड यांची गल्लत आहे, आणि ती जिवावर बेतू शकते.

अर्थिंग संगीतासाठी नसतं, माणसासाठी असतं. ॲम्प्लिफायरच्या आत फेजची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर पेटीवर 230 व्होल्ट येतात. अर्थिंग चांगलं असेल तर प्रवाह तिकडून वाहतो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (बोर्डावरचे आपोआप पडणारे सुरक्षा-स्विच) लगेच सर्किट तोडतो. अर्थिंग नसेल तर व्होल्टेज तसंच थांबून राहतं, आणि व्हॉल्यूमला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. आपल्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी: लावताना ती आधी जोडली जावी, काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी.

सिग्नल ग्राउंड म्हणजे ज्या शून्य पातळीपासून सिग्नलचं व्होल्टेज मोजलं जातं ती पातळी. आरसीए केबलचं (ऑडिओ उपकरणं जोडायच्या लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलचं) बाहेरचं कडं म्हणजे तेच. त्याचा जमिनीशी संबंध असायलाच हवा असं नाही. बॅटरीवर चालणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरमध्येही सिग्नल ग्राउंड असतं, आणि त्याला जमिनीकडे जाणारी एकही तार नसते.

मग घोळ कुठे होतो? पुष्कळ ॲम्पमध्ये हे दोन्ही आतल्या आत जोडलेले असतात. अशा ॲम्पला अर्थ असलेलं दुसरं उपकरण केबलने जोडलं की एक बंद फेरा तयार होतो. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडासाही फरक असला, तरी केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि 50 हर्ट्‌झ व त्याच्या पटीतली घरघर ऐकू येते. आपल्या घरांत यामागे बऱ्याचदा टीव्हीची केबल असते, कारण ती बाहेरून येताना स्वतःचा वेगळा अर्थ घेऊन येते. सेट-टॉप बॉक्सची ती केबल काढून बघा. घरघर थांबली तर दोष सापडला. तिथे आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन तारांचा थेट संबंध तोडणारा छोटा जोड) लावा, किंवा टीव्ही ते ॲम्प ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे फेरा तुटतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतली तरी बराच फरक पडतो. तिसरी पिन मात्र जागेवरच राहू द्या.

साध्या, म्हणजे आत ॲम्प नसलेल्या स्पीकरला अर्थिंग लागतच नाही. त्याचं काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड असं समजून ते अर्थला किंवा ॲम्पच्या पेटीला जोडू नका. ब्रिज पद्धतीच्या ॲम्पमध्ये, म्हणजे आजच्या पुष्कळशा क्लास-डी ॲम्पमध्ये, लाल आणि काळं दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज असतं. काळं अर्थला टेकलं की ॲम्प जळू शकतो.

टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची, ग्राउंडची बारीक तार ही सिग्नलच्या बाजूची. ती ॲम्पवरच्या फोनो इनपुटजवळच्या (टर्नटेबल जोडायच्या जागेजवळच्या) स्क्रूलाच लावायची, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची नाही. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (रेकॉर्डवर फिरणारी सुई ज्यात बसवलेली असते त्या भागाचा) सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, म्हणून ही तार सैल असली तरी लगेच ऐकू येतं.

जुन्या इमारतींत मात्र आधी सॉकेट तपासायला हवं. कित्येक ठिकाणी तिसऱ्या भोकामागे तारच नसते. त्याहून भयंकर म्हणजे काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून मोकळे होतात. मग पुढे कधी न्यूट्रल तुटला, की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक धातूच्या पेटीत फेज उतरतो, तेही ॲम्प बंद पडलेला दिसत असताना. ॲम्पच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर केबल बदलत बसू नका, परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या.