अ‍ॅडमिट झाल्याचा क्लेम नाकारला? आधी केसपेपर काढा

मागच्या महिन्यात औशाहून एक काका फाईल घेऊन आले. पोरगं डेंग्यूत चार दिवस अ‍ॅडमिट, आणि विमा कंपनीचं पत्र काय, तर उपचार ओपीडीत झाले असते, भरतीची गरज नव्हती. फाईलीत बिलं, पावत्या, डिस्चार्ज कार्ड सगळं नीट लावलेलं, पण ज्याच्यावर क्लेम उभा राहतो तेच नाही, इनडोअर केसपेपर.

म्हणजे रोजचा तापाचा चार्ट, नर्सच्या नोंदी, सलाईन कधी लावलं, पेशी कोणत्या दिवशी किती. हॉस्पिटलवाले म्हणतात पेशंटला देत नसतो. देत नसतो काय, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात आहे की मागितल्यावर 72 तासांत द्यायचं. फक्त तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत डॉक्टरांचं पत्र, पण "भरती गरजेची होती" एवढ्या एका ओळीला कंपनी विचारत नाही, ताप किती, पेशी किती, उलट्या थांबत नव्हत्या का, हे त्यात यायला पाहिजे.

दुसरा घोळ हिस्ट्रीचा. रात्री कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात शुगर कधीपासून, सोबतचा मेव्हणा घाबरून म्हणतो लई वर्षं झाली, कागदावर पडतं दहा वर्षं, पॉलिसी तीन वर्षांची, झालं, आजार लपवला म्हणून नकार. शुगर पहिल्यांदा निघाली तो रिपोर्ट शोधा आणि डॉक्टरांकडून दुरुस्तीचं लेखी घ्या. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हे कारण लावताच येत नाही.

आणि कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं नाही, बिल भरून नंतर क्लेम टाकता येतो, इथंच निम्मे लोक हात टेकतात.

आता क्रम. नकार कारणासह आणि पॉलिसीतल्या कलमासह लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार. ही पायरी गाळून थेट विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं गेलात तर अर्ज परत येतो. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्या मराठवाड्याचं ऑफिस पुण्याला. ऑनलाईन अर्ज होतो, फी नाही, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. ग्राहक आयोगात आधीच केस टाकली असेल तर मात्र घेत नाहीत.

मुदत एक वर्ष, ती कंपनीनं तक्रार फेटाळली तिथून धरायची. लोक काय करायलेत, फेटाळल्यावर पण कस्टमर केअरला मेलवर मेल, तिकडून "आम्ही बघतोय", आणि वर्ष तिथंच संपतं. तसल्या मेलनं मुदत वाढत नसते बरं का.

काकांना केसपेपर तिसऱ्या दिवशी मिळाले, पण झेरॉक्समध्ये दुसऱ्या दिवसाचं पानच नाही, पेशी सगळ्यात कमी झालेला नेमका तोच दिवस. परत लातूरला चक्कर. घेताना काउंटरवरच पानं मोजा.