बुधवारच्या डब्यातला पास्ता

माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला शिकते. रविवारी दुपारी ती आठवड्याचं रांधून ठेवते. अर्धा किलो बीफचा खिमा, टोमॅटो पेस्ट, क्रीम, नळ्यांचा पेने पास्ता, सगळं एकाच पातेल्यात. मग चार डबे. मागच्या महिन्यात बुधवारी रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. डबा तिने कॅमेऱ्यासमोर उलटा धरला होता आणि आतलं काहीच पडत नव्हतं.

"मावशी, बघ. वीट झालीये."

चमच्याने तिने एक कोपरा उकरला. नळ्या एकमेकींना चिकटलेल्या, वर केशरी चरबी थिजलेली, मधेमधे पांढऱ्या कण्या. "आणि गरम केला की वास येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा."

मी बरीच वर्षं अन्नरसायन शिकवलं. त्यामुळे तिची कीव यायच्या आधी मला आनंद झाला. एका डब्यात इतक्या भानगडी एकदम सहसा बघायला मिळत नाहीत.

विटेपासून सुरू करू. पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा, म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या चिकट प्रथिनाच्या जाळ्यात अडकलेले स्टार्चचे कण. उकळत्या पाण्यात हे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली नीटनेटकी रचना विसकटते आणि पास्ता मऊ होतो. गव्हाच्या स्टार्चमध्ये साधारण पाव भाग अमायलोज असतं, सरळ लांब साखळ्यांचं. उरलेलं अमायलोपेक्टिन, झाडासारखं फांद्या फुटलेलं. पास्ता निवायला लागला की विसकटलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून रांगा धरतात. अमायलोज काही तासांतच, अमायलोपेक्टिन रमतगमत काही दिवसांत. दोन नळ्यांवरच्या साखळ्या एकमेकींत गुंतल्या की झाली वीट.

यातली खोच अशी की हे काम सगळ्यात जोरात चालतं ते चार-पाच अंशांना, म्हणजे बरोबर फ्रिजच्या तापमानाला. म्हणूनच पाव फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा लागतो. आपण मराठी माणसं या गोष्टीचा पिढ्यान्‌पिढ्या फायदा घेत आलोय. ताज्या भाताला फोडणी घातली तर लगदा होतो, रात्रीच्या भाताचं शीत न्‌ शीत सुटं राहतं. भाताला जे मानवतं ते पास्त्याला मानवत नाही, इतकंच. गरम केल्यावर अमायलोपेक्टिनच्या रांगा बऱ्याचशा मोडतात, म्हणून पास्ता पुन्हा नरम होतो. अमायलोजच्या रांगा मोडायला मात्र शंभर अंशांच्या बरंच वर जावं लागतं. ते मायक्रोवेव्हमधल्या ओल्या डब्यात होत नाही.

"पण सॉस गेला कुठे?" हा तिचा पुढचा प्रश्न. पास्त्याने प्यायला! शिजलेल्या नळीच्या बाहेरच्या थरात पाणी जास्त, गाभ्यात कमी. डब्यात बसल्या बसल्या पाणी आत झिरपत राहतं आणि सॉसमधलं पाणी त्यामागे ओढलं जातं.

पांढऱ्या कण्यांचा दोष काटकसरीचा. ब्रिटनमध्ये सिंगल क्रीम आणि डबल क्रीम अशी दोन प्रकारची क्रीम मिळते. पहिल्यात चरबी सुमारे १८ टक्के, दुसऱ्यात ४८. भाचीने 'हलकी' म्हणून सिंगल घेतली, वर टोमॅटो पेस्ट घातली आणि उकळी काढली. टोमॅटो आंबट, आंबट आणि उष्णता एकत्र आली की दुधातलं केसिन हे प्रथिन आकसून गोळा होतं, आपलं दूध नासतं तसंच. डबल क्रीममध्ये चरबी जास्त, केसिन त्या मानाने थोडं, आणि त्यातलंही बरंचसं चरबीच्या थेंबांना वेढून बसलेलं. गुठळी व्हायला मोकळं केसिन फारसं उरतच नाही. थोडक्यात, जड क्रीम उकळी सोसते, हलकी फाटते. वजनाची चिंता असेल तर जड क्रीमच कमी घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वास. मला सगळ्यात रस यातच होता.

मांस शिजवून, थंड करून, पुन्हा गरम केलं की जो शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो, त्याकडे टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी १९५८ मध्ये लक्ष वेधलं. इंग्रजीत त्याला 'वॉर्म्ड-ओव्हर फ्लेवर' म्हणतात. हा जंतूंचा उद्योग नाही, हे खवट होणं आहे. तेल खवट व्हायला महिने लागतात. शिजलेल्या मांसाला एक-दोन दिवस पुरतात. मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनमध्ये लोह असतं. शिजताना ते मोकळं होतं आणि चरबीवर प्राणवायूचा मारा वेगाने घडवून आणतं. बीफमध्ये लोह कोंबडीपेक्षा जास्त, आणि खिम्यात तर प्रत्येक कणाला हवा लागलेली. "पण मी पाच टक्के चरबीवालाच घेतला होता," भाची म्हणाली. उपयोग नाही. आधी बळी जातात ते पेशींच्या पडद्यातले फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ, आणि ते कितीही कमी चरबीच्या खिम्यात असतातच. (महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळूच्या मांसाला बंदी आहे, म्हशीच्या किंवा मटणाच्या खिम्यालाही हेच रसायन लागू.)

मग आपला मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला कसा लागतो? कांदा, लसूण, लवंग, मिरी यांतले घटक हे खवट होणं रोखतात आणि उरलासुरला वास मसाल्याखाली दबतो. भाचीच्या पातेल्यात मीठ आणि चिमूटभर मिरपूड होती.

वासाशी जोडलेली आणखी एक चूक म्हणजे अख्खं पाकीट एकदम टाकणं. खिम्याला पाणी सुटतं आणि ते उडेपर्यंत पातेलं शंभर अंशांवरच अडकतं. खमंगपणा देणारी माइयार प्रक्रिया (१९१२ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामिय माइयार यांनी मांडलेली) जोर धरते ती १४० अंशांच्या आसपास. तिचा खिमा भाजला गेलाच नव्हता, उकडला होता.

इथवर नुसता चवीचा मामला होता. मग ती सहज बोलून गेली, की पातेलं ती झाकण ठेवून संध्याकाळपर्यंत ओट्यावरच निवू देते, थंडीचा देश आहे ना! मी तिला थांबवलं. बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट स्टार्चमध्ये ते रुजतात आणि त्यांचे काही वाण असं विष तयार करतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. बेल्जियममध्ये २००८ साली वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्याने एका रात्रीत गेला. अशी घटना फार दुर्मिळ, पण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात अन्न दोन तासांहून जास्त ठेवू नये हा नियम उगाच आलेला नाही. शिवाय घट्ट पदार्थाचा थर दुप्पट जाड झाला की गाभा निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. खोल पातेल्याचं पोट तासन्‌तास कोमट राहतं. उथळ डब्यातला दोन बोटांचा थर लवकर निवतो.

आता ती असं करते. खिमा दोन हप्त्यांत, खरपूस. कांदा, भरपूर लसूण, रोझमेरी. पेस्ट तेलात परतून त्यावर कपभर स्टॉक (मांस किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी), आणि गॅस मंद केल्यावर १५० मिली डबल क्रीम. पास्ता वेगळ्या पातेल्यात, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी. त्याचं पाणी वाटीभर राखून सॉसमध्ये. रविवारी सॉस जरा जास्तच पातळ दिसायला हवा. मग लगेच उथळ डब्यांत. दोन डबे फ्रिजमध्ये, ते बुधवारपर्यंत संपवायचे. दोन फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांना, तिथे स्टार्चचं रांगा धरणं जवळजवळ थांबतं. गरम करताना चमचाभर दूध, वर झाकण, मधे एकदा ढवळणं आणि मधोमध वाफ येईपर्यंत थांबणं.

वास गेला, वीट गेली. अडलंय ते फ्रीझरपाशी. घरात चौघीजणी, तिच्या वाट्याला एकच खण, आणि त्यात तिच्या आईने निघताना बांधून दिलेल्या पुरणपोळ्या.