बाह्य अवकाशाचा लष्करी वापर आणि आंतरराष्ट्रीय कायदा

पृथ्वीभोवतीच्या कक्षांतून टेहळणी, दळणवळण आणि दिशादर्शन ही लष्करी कामे करून घेणे, तसेच उपग्रहांवर किंवा उपग्रहांतून मारा करण्याची तयारी ठेवणे, याला बाह्य अवकाशाचा लष्करी वापर म्हणतात. यातला पहिला प्रकार सर्रास चालतो आणि बहुतेक देश तो कायदेशीर मानतात. वाद आहे तो दुसऱ्याबद्दल. अवकाश नेमके किती उंचीवर सुरू होते, हे कोणत्याही जागतिक करारात लिहिलेले नाही. व्यवहारात साधारण १०० किमी धरतात.

या कायद्याची सुरुवात गोव्याच्या वाचकाला सहज लक्षात राहील. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजा गोव्यात शिरल्या होत्या आणि न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेपुढे त्या मागे घ्याव्यात असा ठराव आला होता. बाजूने सात मते पडली, पण सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. १९ तारखेला गोवा मुक्त झाला. २० तारखेला आमसभेने ठराव १७२१ एकमताने संमत केला: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेसह आंतरराष्ट्रीय कायदा बाह्य अवकाशालाही लागू आहे. बळाचा वापर केव्हा वैध ठरतो, यावर गोव्यावरून त्या आठवड्यात खडाजंगी झाली होती; तोच प्रश्न आता कक्षेलाही चिकटला.

पुढच्याच वर्षी तो किती निकडीचा आहे हे दिसले. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किमी उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. तिथून जवळजवळ १,४५० किमी दूर असलेल्या हवाईमध्ये रस्त्यावरचे दिवे गेले आणि वाढलेल्या किरणोत्साराने कित्येक उपग्रह निकामी झाले. १९६३ च्या मॉस्को कराराने अवकाशातील अणुचाचण्यांवर बंदी आली.

मुख्य दस्तऐवज म्हणजे १९६७ चा बाह्य अवकाश करार. भारताने त्यावर त्याच वर्षी सही केली, अनुमोदन १९८२ मध्ये दिले. त्याचे चौथे कलम शब्दशः वाचायला हवे. अण्वस्त्रे किंवा सामूहिक संहाराची इतर शस्त्रे कक्षेत ठेवायची नाहीत. चंद्रावर आणि इतर खगोलांवर लष्करी तळ, शस्त्रचाचण्या, कवायती काहीही चालणार नाही. तिथे वापर ‘केवळ शांततामय’ असला पाहिजे. मात्र हे शब्द खगोलांपुरतेच आहेत. मधल्या पोकळीला, म्हणजे जिथे सगळे उपग्रह फिरतात त्या जागेला, ते लावलेले नाहीत. साधी, अणुविरहित शस्त्रे कक्षेत ठेवण्याबद्दल कलम गप्प आहे. अवकाशातून नुसते जाणारे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रही त्यात सापडत नाही. जिथे कोणी राहत नाही त्या चंद्राला कडक नियम आणि जिथे रोजचा व्यवहार चालतो त्या कक्षांना सैल, ही या कराराची सर्वांत मोठी उणीव आहे.

हा रोजचा व्यवहार गोव्यातल्या मालीम या मासेमारी जेटीवर पाहता येतो. ट्रॉलरच्या केबिनमध्ये तांडेल छोट्या पडद्यावर मासळीच्या जुन्या जागा शोधतो. त्यामागची जीपीएस ही उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा अमेरिकी लष्कराची. मे २००० पर्यंत तिच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जात असे. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या उपग्रह-दिशादर्शन यंत्रणेतही एक सेवा सर्वांसाठी आणि दुसरी सांकेतिक, लष्करासारख्या अधिकृत वापरकर्त्यांसाठी आहे. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून पी-८आय टेहळणी विमाने याच समुद्रावर जातात. नौदलाची जहाजे, पाणबुड्या, विमाने आणि किनाऱ्यावरची केंद्रे जोडण्यासाठी २०१३ मध्ये जीसॅट-७, म्हणजे ‘रुक्मिणी’, सोडण्यात आला. युद्धाच्या कायद्यात लष्करी लक्ष्य आणि नागरी वस्तू यांत भेद करावा लागतो. तांडेल आणि नौदल एकाच उपग्रहावर विसंबून असतील, तर त्यावर मारा करण्याआधी नागरिकांचे नुकसान तोलून पाहणे बंधनकारक ठरते. ते तोलायचे कसे, यावर देशांचे एकमत नाही.

उपग्रह फोडण्याच्या चाचण्या चार देशांनी केल्या आहेत. चीनने २००७ मध्ये आपला हवामान उपग्रह सुमारे ८६५ किमी उंचीवर फोडला. त्याचे ३,००० हून अधिक मोजता येणारे तुकडे झाले आणि त्यांतले पुष्कळसे अजून फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’साठी ३०० किमीच्या आसपासची उंची निवडली. बहुतेक तुकडे लवकर जळून गेले, काही मात्र वर फेकले गेले आणि अंदाजापेक्षा बराच जास्त काळ टिकले. रशियाच्या २०२१ च्या चाचणीने अवकाशस्थानकातील अंतराळवीरांना, त्यात रशियाचेही होते, परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. दुसऱ्यांना बाधा होण्याची शक्यता असेल तर आधी सल्लामसलत करा, असे १९६७ च्या कराराचे नववे कलम सांगते. ते इथे पाळले गेले नाही.

अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन करणारा ठराव आमसभेत २०२२ मध्ये १५५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. बंधनकारक करार हवा, ही त्याची भूमिका आहे. ती तत्त्वाला धरून आहे, पण तो करार होईपर्यंत तुकडे वाढत राहणार, हेही तितकेच खरे. एप्रिल २०२४ मध्ये कक्षेत अण्वस्त्रे न ठेवण्याच्या बंधनाला दुजोरा देणारा ठराव सुरक्षा परिषदेत रशियाच्या नकाराधिकाराने पडला.

नुकसानभरपाईचे नियम १९७२ च्या दायित्व करारात आहेत. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला झालेल्या हानीसाठी प्रक्षेपक देश दोष सिद्ध न होताही जबाबदार असतो. अवकाशातील हानीसाठी दोष दाखवावा लागतो. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनडियन डॉलर दिले. परक्या उपग्रहाचा तुकडा मालीमच्या ट्रॉलरवर पडला, तर या कराराखाली दावा मालक करू शकत नाही. भारत सरकारने तो साधारणपणे वर्षभरात मांडावा लागतो. तुकडा भारताच्याच उपग्रहाचा असेल, तर भारतीय मालकाला हा करार लागूच होत नाही.