थंड प्यायचा, म्हणूनच उकळत्या पाण्यात

फळांच्या आणि फुलापानांच्या हर्बल मिश्रणाचा चहा गरम असताना छान लागतो. तोच गार करून बर्फ घातला की पाणचट, नुसता आंबट वाटतो. दोष बहुतेक वेळा मिश्रणात नसतोच. थंडपणामुळे आपली जीभ वेगळी वागू लागते आणि वितळणारा बर्फ पेयात पाणी ओतत राहतो. हे दोन्ही आधीच हिशोबात धरलं, तर घरचा आइस्ड टी उत्तम होतो.

आधी जिभेबद्दल. गोड चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी, म्हणजे पेशीच्या आवरणातलं सूक्ष्म दार, असते आणि गोडाचा संदेश पुढे जायला ती उघडावी लागते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की ही वाहिनी तापमानाप्रमाणे कमी-जास्त काम करते. १५ अंश सेल्सिअसपासून ३५ अंशांपर्यंत तिचं काम झपाट्याने वाढतं. ५ अंशांचा घोट जिभेवर आला की तीच साखर आपल्याला कमी गोड लागते. आंबटपणा मात्र थंडीने तितकासा बोथट होत नाही. म्हणजे साखर आणि आम्ल तेवढंच असूनही तोल आंबटाकडे झुकतो. वासाचीही तीच गत होते. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन किंवा गवती चहातलं सिट्रल हवेत उडून नाकापर्यंत पोहोचलं, तरच आपल्याला ‘चव’ कळते, आणि थंड द्रवातून ही द्रव्यं फार कमी उडतात.

पुदिना याला अपवाद आहे, आणि मला तो फार आवडतो. त्यातलं मेन्थॉल टीआरपीएम८ या थंडी ओळखणाऱ्या वाहिनीला थेट चेतवतं. ही वाहिनी २००२ साली डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी स्वतंत्रपणे शोधली. तापमान आणि स्पर्श यांच्या जाणिवेवरच्या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. मिश्रणात थोडा पुदिना असला, तर पेयाचं तापमान तेवढंच राहूनही ते जास्त गार भासतं. बर्फ कमी लागतो, म्हणजे पाणीही कमी मिसळतं.

आता बर्फ. १ ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत १ ग्रॅम पाणी ८० अंशांनी तापलं असतं. म्हणून बर्फ इतका झटपट गार करतो, पण वितळून मिसळतोही तितकाच. समजा १० मिनिटं मुरलेला अर्धा लिटर चहा ७५ अंशांवर आहे. फ्रीझरमधल्या उणे १८ अंशांच्या बर्फाने तो ५ अंशांवर आणायचा, तर सुमारे ३७५ ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे चहाच्या जवळजवळ पाऊणपट पाणी त्यात मिसळलं! तोच चहा आधी २५ अंशांपर्यंत निवू दिला, तर ११० ग्रॅमच्या आत काम होतं. दोन्ही पद्धती चालतात, फक्त त्यांचं प्रमाण वेगळं ठेवावं लागतं. लगेच प्यायचा असेल तर अर्ध्या लिटर पाण्याला पाच टी बॅग, म्हणजे एरवीच्या दुप्पट मिश्रण घ्यावं आणि गाळून थेट बर्फावर ओतावं. आधी निववायचा असेल तर एरवीपेक्षा पाव ते निम्मं जास्त मिश्रण पुरतं. थोडा ठसका जास्तच ठेवावा, कारण जिभेचा हिशोब यात अजून धरलेलाच नाही.

इतका कडक केला तर कडू होणार नाही का? काळ्या किंवा हिरव्या चहाचं तसं होतं, कारण त्यांच्या पानांत कॅटेचिनसारखी तुरट द्रव्यं भरपूर असतात. शिवाय काळा चहा झटकन गार केला की त्यातलं कॅफिन आणि पॉलिफिनॉल एकमेकांना बिलगतात आणि चहा गढूळ दिसू लागतो. फळांच्या बहुतेक मिश्रणांत चहाचं पान नसतं, त्यामुळे कॅफिन नसतं आणि ही गढूळताही येत नाही. (येर्बा माते घातलेली मिश्रणं सोडून. त्या पानात कॅफिन असतं.) दहा मिनिटं, हवं तर पंधरा मिनिटं मुरू द्यावं. सफरचंदाचे वाळलेले तुकडे आणि जंगली गुलाबाची फळं यांच्या आत पाणी शिरायला तेवढा वेळ लागतोच. भांड्यावर झाकण मात्र हवं, नाहीतर जो वास आपल्याला ग्लासात हवा तो स्वयंपाकघरात उडून जातो.

लाल रंग बहुतेक मिश्रणांत ‘हिबिस्कस’मुळे येतो. हे बागेतल्या जास्वंदीचं फूल नव्हे. त्याच वंशातल्या लाल अंबाडीच्या बोंडाभोवती जी मांसल लाल निदलं असतात, ती वाळवून वापरतात. त्यांच्यात सायट्रिक आणि मॅलिक आम्लं असतात, आणि डेल्फिनिडिन व सायनिडिन या कुळातली अँथोसायनिन रंगद्रव्यं असतात. अँथोसायनिनचा रंग भोवतालच्या आम्लतेवर ठरतो. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं द्रावण आंबट) ३ च्या आसपास असला की ते झगझगीत लाल दिसतात, उदासीन पाण्यात जांभळट होतात आणि अल्कधर्मी पाण्यात निळसर-हिरवट. एका चमचाभर चहात चिमूट खाण्याचा सोडा टाकून बघा, लाल रंग डोळ्यांदेखत पळतो. मुलांना रसायनशास्त्र दाखवायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

एखाद्या घरात हाच चहा मातकट जांभळा का उतरतो, याचंही उत्तर यातच आहे. जड पाण्यातली बायकार्बोनेटं आम्लाचा काही भाग खाऊन टाकतात. रंग मळतो आणि चवीतली धारही जाते. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरावं किंवा शेवटी लिंबू पिळावं. लिंबाने रंग परत उजळतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्यावं. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या भांड्यात आम्लामुळे धातू थोडा विरघळतो आणि रंगही बिघडतो. दूध घालायचा विचारही करू नये. पीएच ४.६ च्या सुमाराला दुधातलं केसिन गोठतं आणि हे पेय त्याहून बरंच आंबट असतं.

ही आम्लता दातांसाठी मात्र चांगली नाही. पीएच ५.५ च्या खाली दातांचं एनॅमल झिजू लागतं. चहा जेवणाबरोबर प्यावा, दिवसभर घोट घोट घेत बसू नये आणि प्यायल्यावर लगेच दात घासू नयेत.

आता ज्या मुद्द्यावर मी आग्रही आहे तो. मिश्रण थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. तिने चव सौम्य आणि ताजी येते, हे खरं आहे. पण चहाचं पान कारखान्यात उष्ण हवेने वाळवलेलं असतं, तर फळं, फुलं आणि मुळं कित्येकदा नुसतीच वाळवलेली असतात. त्यांच्यावर मातीतले जिवाणू आणि त्यांचे बीजाणू असू शकतात. वाळलेल्या स्थितीत ते गप्प असतात, पाणी मिळालं की जागे होतात. हर्बल मिश्रणांच्या पाकिटांवर ‘उकळतं पाणी ओता, किमान पाच मिनिटं ठेवा’ असं लिहिलेलं असतं ते केवळ चवीसाठी नाही. बरणी उन्हात ठेवून चहा मुरवणं तर टाळावंच. तिथे पाणी फार तर ५० ते ५५ अंशांपर्यंत जातं. तेवढ्याने जिवाणू मरत नाहीत, उलट कित्येक तास त्यांना मानवणारी ऊब मिळते. पाकिटावर थंड पाण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच थंड पाणी वापरावं. एरवी उकळतं पाणी, मग गाळणं, दोन तासांच्या आत फ्रीज, आणि दोन दिवसांत संपवणं. हिबिस्कसच्या आंबट चहात बरेच जिवाणू वाढत नाहीत, पण बुरशी वाढू शकते. नुसत्या पुदिन्याच्या किंवा कॅमोमाइलच्या चहाला तर आम्लाचं संरक्षणही नसतं.

साखर थंड पाण्यात विरघळत नाही, हा समज चुकीचा आहे. २० अंशांच्या लिटरभर पाण्यातही सुमारे दोन किलो साखर विरघळू शकते. अडचण वेगाची आहे: थंड पाण्यात रेणू सावकाश हलतात, दाणे तळाशी बसतात आणि ढवळायचा कंटाळा येतो. गरम असतानाच साखर घालावी, किंवा साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक बाटलीत ठेवावा. काही मिश्रणांत गोडीसाठी ज्येष्ठमध असतं. त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या कित्येक पट गोड असतं आणि ती गोडी जिभेवर रेंगाळते. पण रोज भरपूर घेतल्यास ते रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी पाकिटावरची यादी वाचूनच मिश्रण निवडावं.

पेय पातळ होऊ नये म्हणून याच चहाचे बर्फाचे खडे करून ठेवता येतात. चहा गोठताना आधी शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात आणि रंग, आम्ल, साखर मध्यभागी ढकलली जातात. खडा वितळताना उलट होतं. हा दाट भाग कमी तापमानाला वितळतो, म्हणून तो आधी सुटतो आणि ग्लासात फिकट बर्फ उरतो. त्यामुळे पहिले घोट जरा जास्त कडक लागतात. खडे लहान केले आणि ग्लास अधूनमधून ढवळला की हा फरक जाणवत नाही.