चढावर मोटर सोडून देते: बॅटरी बसली, की जोड सैल?

३६ व्होल्टची स्वस्तातली ई-सायकल सपाट रस्त्यावर छान पळते, पण कात्रजसारखा चढ लागला की मोटर मध्येच सोडून देते. दुकानात नेली की उत्तर ठरलेलं असतं: बॅटरी बसली, नवी टाका. बॅटरी हा या सायकलीचा सगळ्यात महाग भाग. आणि नेमकं हेच लक्षण सैल किंवा जळक्या जोडाचंही असतं, ज्याची दुरुस्ती एका कनेक्टरवर भागते.

दोन्हींची गल्लत का होते, ते आकड्यांत बघा. पूर्ण भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट दाखवते, निम्मी उरली की साधारण ३६.५. कंट्रोलरला, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डबीला, ३१ च्या आसपास व्होल्ट दिसले की सेल वाचवण्यासाठी तो मोटरची वीज तोडतो. चढावर मोटर १२ अँपिअर ओढते. धडधाकट बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, ०.२ ओहम धरला तर निम्म्या चार्जवर १२ × ०.२ म्हणजे २.४ व्होल्ट पडतात, ३४.१ उरतात, काम चालतं. बॅटरी थकून रोध ०.६ झाला की ७.२ व्होल्ट पडतात, उरतात २९.३, आणि मोटर बंद. आता बॅटरी चांगलीच आहे, पण वाटेतल्या एका जोडाचा रोध ०.४ झालाय असं धरा. बेरीज तीच ०.६, कंट्रोलरला दिसणारा आकडाही तोच. स्क्रीनवरच्या चार्जच्या दांड्या बहुधा कंट्रोलरच्या बाजूचे व्होल्ट बघूनच ठरतात, त्यामुळे त्यांवरून निवाडा करू नका.

फरक उष्णतेत सापडतो. त्या ०.४ ओहमच्या जोडात १२ × १२ × ०.४, म्हणजे सुमारे ५८ वॅट उष्णता तयार होते, तीही वाटाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. म्हणून चढ चढून आल्याबरोबर थांबा, सायकल बंद करा, बॅटरी बाहेर काढा आणि तिच्या बैठकीतल्या पट्ट्या बघा. एकच पिन तपकिरी-काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन कडेला ओघळलेलं दिसलं तर दोष तिथेच आहे. थकलेली बॅटरी अशी एका ठिपक्यात तापत नाही, ती सगळी मिळून कोमट होते.

वागण्यातही फरक असतो. बॅटरी थकली असेल तर त्रास चार्ज निम्म्याच्या खाली गेल्यावर आणि थंडीच्या सकाळी वाढतो, पूर्ण भरल्यावर पहिले काही किलोमीटर जाणवतही नाही. शिवाय १० अँपिअर-तासाची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर पाच-सहा तास घ्यायला हवी. संपलेली बॅटरी दोन तासांत हिरवा दिवा दाखवू लागली तर तिची क्षमताच गेली आहे. सैल जोड हलला की मात्र चार्ज बघत नाही. खड्ड्यात दणका बसला की स्क्रीनसकट सगळं विझतं आणि पुन्हा आपोआप लागतं. (स्क्रीन चालू राहून फक्त मोटर थांबत असेल, तीही सपाटीवर, तर आधी ब्रेकच्या मुठीतल्या, ब्रेक दाबला की मोटर थांबवणाऱ्या स्विचची वायर काढून बघा.)

खात्री मल्टिमीटरने होते. डीसी २०० व्होल्टच्या रेंजवर एक काडी जोडाच्या बॅटरीकडच्या प्लसला, दुसरी त्याच जोडाच्या कंट्रोलरकडच्या प्लसला लावा. काड्यांची फक्त टोकं उघडी ठेवून बाकी टेप गुंडाळा, कारण एकच काडी चुकून प्लस आणि मायनस दोन्हींना टेकली तर शॉर्ट होईल. एकाने सायकलवर बसून पुढचं चाक भिंतीला टेकवायचं आणि थ्रॉटल दोन सेकंदच द्यायचा, जास्त नाही. अडवून धरलेली मोटर लगेच तापते. स्टँडवर चाक हवेत फिरवून काहीच कळत नाही, तेव्हा मोटर जेमतेम एखादा अँपिअर ओढते. वाचन ०.१ व्होल्टच्या आत असेल तर जोड ठीक, ०.५ च्या वर गेलं तर तो बदला. मायनसच्या जोडालाही हेच करा. दोन्ही निर्दोष निघाले तरच बॅटरीला दोष द्यायचा.

जोड नुसता हिरवट झाला असेल, आणि कोकणातल्या पावसाळ्यानंतर तो होतोच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ होतो. काळा पडलेला मात्र घासून वापरू नका. स्प्रिंगचा ताण गेलेला असतो, महिनाभरात पुन्हा जळतो. त्याजागी एक्सटी-६० हा जास्त करंट झेपणारा कनेक्टर सोल्डर करून घ्या. बैठकीतल्या पट्ट्याच जळल्या असतील तर बैठक बदला.

थकलेल्या बॅटरीला असा उपाय नाही. ती उघडून एखाद-दुसरा सेल बदलू नका. ३६ व्होल्टच्या बॅटरीत सेलांचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात, जुन्या सेलांत नवा घातला की ते असमान होतात, आणि आतल्या निकेलच्या पट्टीवर पाना पडला तर आग लागते. काही महिने ओढायचे असतील तर चढाआधीच हलका गिअर टाका, असिस्ट, म्हणजे पेडलला मिळणारी मोटरची साथ, एक पायरी खाली आणा आणि पेडल थांबवू नका. हबमधली मोटर चाक मंदावलं की जास्त करंट ओढते, म्हणून वेग टिकवणं महत्त्वाचं. नवी घेताना मोठी घ्या. ५.२ अँपिअर-तासाच्या बॅटरीत प्रत्येक गटात २.६ चे दोनच सेल समांतर असतात, १२ अँपिअरला प्रत्येकावर ६ चा भार येतो, १०.४ वाल्या चार सेलांत तोच ३ वर येतो.