संत्र्याच्या मुळाशी पोहणारा प्रोटिस्ट

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहिलं, की पुढे संत्र्याची झाडं पिवळी पडायला लागतात. बुंध्याची साल फुटून डिंक वाहतो. तंतुमुळं ओढली तर कुजलेली साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. हा डिंक्या. ‘बुरशी लागली’ म्हणून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतलं जातं आणि झाड वाळतच राहतं, कारण डिंक्या घडवणारा फायटोफ्थोरा हा जीव बुरशी नाहीच. तो प्रोटिस्ट आहे, म्हणजे वनस्पती, प्राणी किंवा बुरशी यांपैकी कशातच न बसणारा, केंद्रक असलेला जीव.

दिसायला तो बुरशीसारखाच धाग्यांचा. पण बुरशीची पेशीभित्तिका मुख्यतः कायटिन आणि ग्लुकानची असते, याची सेल्युलोज आणि ग्लुकानची. कार्बेन्डाझिम बुरशीच्या ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याची याच्यातली घडण वेगळी, म्हणून औषध तिथे बसतच नाही. ट्रायअझोल गटातली औषधं बुरशीच्या पेशीपटलातलं एर्गोस्टेरॉल हे स्टेरॉल तयार होणं थांबवतात. फायटोफ्थोरा स्टेरॉल स्वतः बनवतच नाही, मग थांबवणार काय?

याचे खरे नातलग म्हणजे डायटम ही एकपेशीय शैवालं आणि समुद्रातली तपकिरी शैवालं. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या पाण्यात काचेसारखं कवच घेऊन राहणारे डायटम आणि संत्र्याचं मूळ कुजवणारा हा जीव एकाच गटात, स्ट्रॅमिनोपाइलमध्ये, येतात. शेजारच्या अल्व्हिओलेट गटात पॅरामेशियम आणि मलेरियाचा प्लाझमोडियम.

‘प्रोटिस्टा’ हे नाव जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने 1866 मध्ये दिलं. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिटेकरच्या 1969 च्या पंचसृष्टी वर्गीकरणामुळे ते शाळेपर्यंत पोचलं. पण ही सृष्टी म्हणजे एक कुटुंब नव्हे. वनस्पती, प्राणी आणि कवकं (बुरशी) बाजूला काढल्यावर उरलेले, केंद्रक असलेले जीव तिच्यात ठेवले गेले. जनुकं वाचता येऊ लागल्यावर या जीवांचे महागट पाडले गेले, आणि अमिबा तर डायटमपेक्षा आपल्याला जवळचा निघाला.

फायटोफ्थोराचं मूळ ओळखपत्र त्याच्या चलबीजाणूत, म्हणजे पोहणाऱ्या बीजाणूत, आहे. बीजाणूला दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारख्या शेपट्या, असतात: पुढची बारीक केसांची, मागची गुळगुळीत. पुढची पाणी उलटं ढकलते, त्यामुळे बीजाणू पुढे ओढला जातो. मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या दिशेने तो पोहतो, मुळाला टेकताच कशाभिका टाकून भोवती भिंत उभारतो आणि अंकुरनलिका आत घुसवतो. पोहायला मोकळं पाणी हवंच. म्हणून बुंध्याशी पाणी साचणं हे हा रोग फैलावण्याचं खरं कारण आहे.

बागेत तो आहे का, हे घरी तपासता येतं. तंतुमुळांजवळची 5 ते 20 सेंटिमीटर खोलीची ओली माती एका काचेच्या ग्लासात पाव भाग घ्या, वर दुप्पट पाणी घाला. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन बीजाणू मारतं. तांब्याचं भांडंही नको. फवारणी न झालेल्या संत्र्याच्या पानाचे छोटे चौकोन कापून वर तरंगत ठेवा. दोन-तीन दिवस सावलीत राहिल्यावर चौकोन काचपट्टीवर ठेवून त्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली 100 पट मोठी करून पाहा. लिंबाच्या आकाराच्या, टोकाला बोंडी असलेल्या बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, दिसल्या, तर फायटोफ्थोराची दाट शंका घ्या. नेमकी जात प्रयोगशाळेतच ठरते. ही काचपट्टी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढली, तर बोंडी उघडून बीजाणू पोहत बाहेर पडताना दिसू शकतात. माती वाळवून आणली असेल तर मात्र काहीच न दिसण्याचा धोका मोठा.

उपायही त्याच्या जीवनक्रमावरच बेतायचा. झाडाला दुहेरी आळं करा: आतल्या कड्याने बुंधा कोरडा ठेवायचा, पाणी बाहेरच्या कड्यात. डोळा जमिनीपासून किमान 22 ते 25 सेंटिमीटर उंच भरलेलं कलम घ्या आणि लावताना जोड मातीत गाडू नका. पावसाआधी आणि पावसानंतर, रोगट साल खरवडून, बुंध्याला एक मीटरपर्यंत बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी विळा त्यात बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. मुळांसाठी मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल-अॅल्युमिनियम ही याच गटावर चालणारी औषधं आहेत, पण मेटॅलॅक्झिल दरवर्षी तेच ते वापरलं तर फायटोफ्थोराचे त्याला न जुमानणारे प्रकार माजतात.