अमेरिकेतले आपले विद्यार्थी, पाहुणे संशोधक आणि १५ एप्रिल

"मला पगारच नाही, मग टॅक्स कसला?" दर फेब्रुवारीत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. टॅक्स नाही हे खरं, पण फॉर्म सुटत नाही. एफ-१ (विद्यार्थी) किंवा जे-१ (पाहुणे संशोधक वगैरे) व्हिसावर असलेल्या नॉन-रेसिडेंटने, म्हणजे टॅक्सच्या हिशोबात अमेरिकेचा रहिवासी नसलेल्याने, उत्पन्न शून्य असलं तरी दरवर्षी फॉर्म ८८४३ द्यायचा असतो. आपले इथले दिवस का मोजू नयेत, हे त्यात सांगायचं. सोबत आलेल्या बायकोचा, नवऱ्याचा, मुलांचाही प्रत्येकी वेगळा. नुसता ८८४३ असेल तर तो ऑनलाइन जात नाही, सही करून पोस्टाने ऑस्टिनला पाठवावा लागतो. त्याची मुदत १५ जून. पगार असेल तर तो १०४०-एनआर या रिटर्नला जोडून १५ एप्रिलपर्यंत.

आता नॉन-रेसिडेंट कोण? इथेच सगळे गडबडतात. दिवस न मोजता नॉन-रेसिडेंट राहण्याची सवलत विद्यार्थ्याला पाच वर्षं मिळते, पण ती कॅलेंडरची वर्षं. ३० डिसेंबर २०२१ ला विमानातून उतरलात, तर ते दोन दिवस म्हणजे २०२१ हे अख्खं वर्ष खर्ची पडलं. तुमची पाच वर्षं २०२५ ला संपली. २०२६ पासून दिवस मोजले जातात आणि बहुतेक जण रेसिडेंट ठरतात.

पाहुण्या संशोधकांचा हिशोब आणखी कडक आहे. मागच्या सहा कॅलेंडर वर्षांपैकी दोन वर्षं तुम्ही विद्यार्थी किंवा संशोधक म्हणून ही सवलत घेतली असेल, तर यंदा ती नाही. २०२० ते २०२२ एमएस केलं, भारतात परतलात आणि २०२५ मध्ये जे-१ वर पोस्टडॉकला आलात, तर जुनी एफ-१ ची वर्षंही यात धरली जातात. हे विद्यापीठाच्या पगार विभागाच्याही कधीकधी लक्षात येत नाही.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. नॉन-रेसिडेंटला एरवी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळत नाही. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना मात्र ते मिळतं. २०२५ साठी एकट्या व्यक्तीला १५,७५० डॉलर. समजा तुम्ही आणि तुमचा नेपाळी रूममेट दोघांनीही कॅम्पसवर काम करून वर्षाला १२,००० डॉलर मिळवले. नेपाळचा असा करार नाही, त्यामुळे त्याला सुमारे १,२०० डॉलर फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स बसतो, तुम्हाला शून्य. पगारातून कापलेला फेडरल टॅक्स पूर्ण परत. फक्त डिडक्शनच्या ओळीशेजारी भारत-अमेरिका कराराचा उल्लेख करायला विसरू नका.

संशोधक आणि प्राध्यापकांसाठी कलम २२ आहे. शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी आलेल्यांना दोन वर्षांपर्यंत त्या पगारावर अमेरिकेत टॅक्स नाही. त्यासाठी फॉर्म ८२३३ विद्यापीठाकडे आधीच द्यायचा. पण यात एक मेख आहे: मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला तर सवलत पहिल्या दिवसापासून जाते आणि मागचा टॅक्स भरावा लागतो. तिसऱ्या वर्षाची मुदतवाढ स्वीकारण्याआधी हा आकडा कागदावर मांडून बघा.

पेस्लिपही नीट वाचा. नॉन-रेसिडेंट एफ-१, जे-१ वाल्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा) यांचे पैसे कापायचे नसतात, सीपीटी-ओपीटी या शिक्षणाशी जोडलेल्या कामाच्या परवानग्यांवरसुद्धा नाही. माझ्या पहिल्या इंटर्नशिपमध्ये दर पगाराला ७.६५ टक्के जात होते आणि मला वाटलं, असंच असतं. दहा हजारांमागे ७६५ डॉलर! आधी कंपनीकडे मागायचे, त्यांनी हात वर केले तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे.

हाताशी ठेवायचे कागद: पासपोर्ट, व्हिसा, आय-२० किंवा डीएस-२०१९ (एफ-१, जे-१ साठीचं प्रमाणपत्र), आय-९४ या प्रवेश नोंदीवरच्या ये-जा तारखा, सोशल सिक्युरिटी नंबर (नसेल आणि रिटर्न भरायचं असेल तर डब्ल्यू-७ भरून आयटीआयएन हा टॅक्सपुरता नंबर), नोकरीच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला डब्ल्यू-२, आणि स्कॉलरशिप किंवा कराराखालच्या उत्पन्नाचा १०४२-एस. हा शेवटचा मार्चच्या मध्यापर्यंत येतो, म्हणून डब्ल्यू-२ हातात पडल्या पडल्या घाईने रिटर्न भरू नका. स्कॉलरशिपमधला फी-पुस्तकांचा भाग करमुक्त, राहण्या-जेवण्याचा करपात्र. बँकेच्या ठेवीवरचं व्याज नॉन-रेसिडेंटला करमुक्त. शेअर विकून झालेल्या नफ्यावर मात्र वर्षात १८३ दिवस इथे असाल तर सरसकट ३० टक्के. हौशी ट्रेडिंगवाल्यांनी हे आधी वाचावं.

मित्राने सुचवलेलं टर्बोटॅक्स हे सॉफ्टवेअर वापरू नका, त्यात १०४०-एनआर नाही. बहुतेक विद्यापीठं स्प्रिन्टॅक्स किंवा ग्लेशियर या नॉन-रेसिडेंटसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड फुकट देतात. चुकून रेसिडेंटचा साधा १०४० भरला गेला असेल तर १०४०-एक्सने दुरुस्त करता येतो.

राज्याचा टॅक्स वेगळा. टेक्सास, फ्लोरिडात पगारावर तो नाहीच. कॅलिफोर्निया हा करार मानत नाही, त्यामुळे कलम २२ वाल्या संशोधकालाही तिथे राज्याचं रिटर्न भरावं लागतं.